गुरूंच्या नावानं शंख!

न्यूयॉर्कचा एक ट्रॉम्बोनवाला वर्षानुवर्षं आपल्या उस्तादांसाठी ट्यून्स रेकॉर्ड करतोय. कधी पितळी नळीतून, कधी चक्क शंखातून. हिंजवडीच्या बसमध्ये तो मला भेटला आणि थेट आमच्या साताऱ्याच्या देवघरात घेऊन गेला...

आमच्या साताऱ्याच्या घरात दोन शंख होते. एक देवघरात, पणजोबांनी रामेश्वरहून आणलेला. दुसरी मी. गणितात पंचवीसपैकी नऊ पडले की प्रगतिपुस्तकावर सही करता करता बाबा म्हणायचे, ‘‘शंख आहेस नुसती!’’

पहिला शंख रोज संध्याकाळी आरतीच्या आधी वाजायचा. बाबा बँकेतून आले, हातपाय धुतले, की सोवळं-बिवळं काही नाही, बनियनवरच देवासमोर उभे. एक लांबलचक सूर. शेजारच्या काकू त्या सुरावर कुकर लावायच्या, इतका तो वेळेवर. मलाही तो वाजवायचा होता. पण आजीचा व्हेटो! ‘‘मुलींनी फुंकू नये.’’ का, असं विचारलं की, ‘‘फुंकू नये म्हणजे फुंकू नये.’’ विषय संपला. पुढे इंजिनीअरिंग, मग पुणे, हिंजवडी, कंपनीची बस, शनिवारी दहापर्यंत झोप. शंखाचा आणि माझा संबंध तुटला तो तुटलाच.

तो परत जोडला एका अमेरिकन माणसानं.

झालं असं की, बस नेहमीप्रमाणे वाकडच्या पुलापाशी अडकली होती. ऑफिसातल्या एका मित्रानं पेन ड्राइव्हवर गाणी भरून दिली होती, त्यात एक फोल्डर जॅझचं. जॅझ म्हणजे माझ्या लेखी हॉटेलच्या लॉबीत, कोणी ऐकत नसताना वाजतं ते. टीपी म्हणून लावलं. आणि कानात शंख वाजला. एक नाही, चार-पाच. एक खर्जात घुमतोय, दुसरा त्याच्यावर, तिसरा चक्क गातोय. माझे हात आपोआप जोडले गेले. खरंच! शेजारची मुलगी माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं असणार, बॉसचा मेल आला.

अल्बमचं नाव ‘सँक्टिफाइड शेल्स’. म्हणजे मंतरलेले शंख म्हणा ना! साल १९९३. वाजवणारा स्टीव्ह टुरे.

टुरेला आपण या लेखात अरे-तुरेच करणार आहोत. वयानं तो आजोबा आहे, जन्म १९४८ चा. पण आवडत्या कलावंताला अहो-जाहो करायची आपल्याकडे पद्धत नाही. मूळ मेक्सिकन घराणं, जन्म अमेरिकेतल्या ओमाहाचा, वाढला सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास. हातात लहानपणापासून ट्रॉम्बोन. रे चार्ल्स, आर्ट ब्लेकी, वुडी शॉ, डिझी गिलेस्पी अशा दादा लोकांच्या बँडमध्ये वाजवून झालेलं. आणि हे सगळं करताना रीतसर नोकरीसुद्धा! अमेरिकन टीव्हीवरच्या ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या गाजलेल्या विनोदी कार्यक्रमाच्या बँडमध्ये तो १९८५ साली शिरला आणि पुढे अनेक दशकं तिथंच राहिला. शनिवारी टीव्हीचं काम, बाकीचे दिवस स्वतःचं संगीत. तुम्हा-आम्हाला ‘पॅशन फॉलो करायला नोकरी सोड’ असं सांगणाऱ्या मंडळींनी हा माणूस जरा बघावा.

पण मला त्याच्यात अडकवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. त्याच्या अल्बम्सची यादी बघत बसले तेव्हा लक्षात आलं, की हा बाबा सतत कोणाची ना कोणाची आठवण काढतोय. हा अल्बम जेजे जॉन्सनसाठी. तो रोलँड कर्कसाठी. एक सगळ्याच उस्तादांसाठी. एकेक ट्यून एकेकाच्या नावावर. जणू घरातल्या सगळ्या वडीलधाऱ्यांना एकामागून एक वाकून नमस्कार चाललाय.

हार आणि कानाची पाळी

आता आपल्याकडे ट्रिब्यूट म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहीतच आहे. सभागृह. पडद्यावर मोठा फोटो, खाली हार. निवेदकाचा गहिवरलेला आवाज. आणि मग मूळ गाण्याची हुबेहूब कॉपी. श्वाससुद्धा तिथंच घ्यायचा जिथं लतादीदींनी घेतला होता. जितकं हुबेहूब तितक्या टाळ्या. मी असे कार्यक्रम भरपूर बघितलेत आणि टाळ्याही वाजवल्यात. वाईट काही नाही त्यात. पण घरी येताना रिक्षात मन म्हणतं, त्यापेक्षा ओरिजिनलच लावू या की!

दुसरी पद्धत आपल्याच मैफलीत असते. गवई आपल्या गुरूंचं नाव घेताना हलकेच कानाच्या पाळीला हात लावतो. चूकभूल माफ, असं म्हणून बंदिश सुरू. बंदिश गुरूंची, पण बढत त्याची स्वतःची. गुरूचीच तान जशीच्या तशी घेतली तर जाणकार म्हणतात, ‘‘पोपट आहे.’’

जॅझची रीत या दुसऱ्या जातीची. शिकताना कॉपी करायलाच लागते. रेकॉर्डची सुई मागे-मागे नेत उस्तादाचा अख्खा सोलो कानानं उतरवून घ्यायचा, तोंडपाठ करायचा. पण स्टेजवर चढलास की तुझं तू वाजव. म्हणून तिथं ट्रिब्यूट करणाऱ्याची पंचाईत असते. त्याच्यासारखं वाजवलं तर पोपट. नाही वाजवलं तर मग आठवण कुठं राहिली? टुरेचे हे सगळे अल्बम म्हणजे या पंचाइतीवर काढलेले वेगवेगळे तोडगे आहेत, असं माझं मत. काही जमलेत, काही निव्वळ सभ्य आहेत.

आधी हे वाद्य बघा

ट्रॉम्बोन तुम्ही पाहिलाय. वरातीत नसेल, पण जुन्या हिंदी सिनेमातल्या क्लबच्या गाण्यात नक्की. मागे पांढऱ्या कोटातली मंडळी एक लांब नळी पुढे-मागे सरकवत असतात, तो. मुंबईच्या सिनेमा ऑर्केस्ट्रात ही पितळी वाद्यं सांभाळली ती बहुतेक गोव्याच्या मंडळींनी. नळी सरळ केली तर साधारण नऊ फूट भरते. ट्रम्पेटला बटणं असतात, याला नाहीत. सरकत्या नळीच्या सात जागा, आणि त्या कुठं आहेत याची एकही खूण नळीवर नाही. सगळा कानाचा आणि मनगटाचा हिशोब.

म्हणजे हार्मोनियम आणि सारंगीत जो फरक, तोच. ट्रॉम्बोन ही पितळेची सारंगी आहे. मींड त्याला जन्मतःच येते. घसरणं हाच त्याचा स्वभाव. म्हणून सुरुवातीच्या जॅझमध्ये त्याच्याकडे काम असायचं हसवायचं, घोगरं गुरगुरायचं, दोन सुरांमधून लोळत जायचं. ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये ट्रिकी सॅम नँटन नावाचा पठ्ठ्या तर ट्रॉम्बोनच्या तोंडावर रबरी वाटी धरून त्याला माणसासारखं ‘या-या’ बोलायला लावायचा. वाटी कसली माहितीये? बेसिन तुंबल्यावर आपण जो रबरी पंप दाबतो, त्याचा दांडा काढून उरलेली! आजही ट्रॉम्बोनवाले हार्डवेअरच्या दुकानातून हीच घेतात. टुरे या वाटीतला बाप माणूस आहे. २०२२ च्या त्याच्या ‘जनरेशन्स’ अल्बमवर ‘डिनर विथ ड्यूक’ नावाची ट्यून आहे. नावातच कोणाला सलाम आहे ते आलं.

पण १९४० च्या दशकात बीबॉप आलं आणि ट्रॉम्बोनवाल्यांची वाट लागली. चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी सुसाट सुटले. सॅक्सोफोनवर बोटं उडवायची, ट्रम्पेटवर बटणं दाबायची. ट्रॉम्बोनवाल्यानं काय करायचं? तेवढ्या वेगात हातभर नळी ढकलणार कशी? आणि ढकलली तरी प्रत्येक सूर सुटा कसा ऐकू येणार, मध्ये घसरगुंडी होणारच.

इथं येतो जेजे जॉन्सन. इंडियानापोलिसचा, जन्म १९२४. यानं ते करून दाखवलं. एकच सूर नळीच्या एकापेक्षा जास्त जागांवर सापडतो, हे त्यानं कामाला लावलं. म्हणजे लांबच्या जागेवर जायच्या ऐवजी जवळची जागा निवडायची, आणि जिभेनं प्रत्येक सूर चिमट्यात धरल्यासारखा तोडायचा. सारंगीवर हार्मोनियमच्या पट्ट्या मोजून वाजवल्यासारखं! आवाज कसा, तर न ओरडणारा, गोल, शांत. नुसतं ऐकणाऱ्यांना वाटायचं, हा बटणांचा ट्रॉम्बोन वाजवत असणार.

आणि आता ही गोष्ट ऐका. हा एवढा मोठा माणूस १९५२ ते १९५४ अशी दोन वर्षं नोकरी करत होता. स्पेरी जायरोस्कोप कंपनीत, यंत्रांच्या ब्लूप्रिंट्स तपासायची. म्हणजे तुमच्या-आमच्या भाषेत क्वालिटी चेक! संगीतातून पोट भरेना, म्हणून आधुनिक ट्रॉम्बोनचा जनक सकाळी कामावर जात होता. १९५४ मध्ये काय विंडिंग या दुसऱ्या ट्रॉम्बोनवाल्याबरोबर त्याची जोडी जमली, ती तुफान चालली, आणि ब्लूप्रिंट्स सुटल्या. पुढे १९७० मध्ये तो हॉलिवूडला गेला, बरीच वर्षं सिनेमा-टीव्हीला संगीत देत राहिला आणि १९८७ मध्ये पुन्हा स्टेजवर आला. मला अप्रेझलच्या महिन्यात जेजे फार आठवतो.

जेजे २००१ च्या फेब्रुवारीत गेला. त्यानंतर टुरेनं ‘वनफोरजे’ नावाचा अल्बम काढला, २००३ मध्ये. आणि तोडगा काय काढला, तर एकट्यानं वाजवायचंच नाही! ट्रॉम्बोनवाले जमवले. रॉबिन युबँक्स, स्टीव्ह डेव्हिस आणि न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या अभिजात वाद्यवृंदाचा मुख्य ट्रॉम्बोनवादक जो अलेसी. जॅझवाला आणि सिंफनीवाला एका रांगेत. एकाच माणसाचं ऋण असलेली ही सगळी पोरं. जेजेची नक्कल कोणी केली तर शेजारचा लगेच उघडा पाडणार, कारण ते सोलो सगळ्यांनाच पाठ! गुरुपौर्णिमेला सगळ्या शिष्यांनी एकदम गायला बसावं तसा प्रकार. ट्रॉम्बोनची रांग एकत्र श्वास घेते ना, तेव्हा कार्पेटवरून चालल्यासारखं वाटतं. रात्री साडेदहाला, घरातले सगळे लाइट बंद करून ऐकायचा अल्बम.

त्याच्याही आधीचा एक किस्सा मला जास्त आवडतो. टुरेची पहिली मोठी नोकरी म्हणजे १९७२ मध्ये रे चार्ल्सच्या बँडबरोबरचा दौरा. मागच्या रांगेतला एक पोरगा. त्यानंतर जवळजवळ अठ्ठावीस वर्षांनी, २००० मध्ये, टुरेचा ‘इन द स्पर ऑफ द मोमेंट’ अल्बम आला. त्यात पियानोवर कोण? खुद्द रे चार्ल्स. ट्रॉम्बोन पुढे आणि मालक साथीला! तुमच्या पहिल्या कंपनीचा डायरेक्टर तुमच्या प्रोजेक्टवर येऊन तुमच्या हाताखाली कोड लिहितोय, असं डोळ्यांसमोर आणा. नाही येत ना?

तीन सॅक्सोफोन आणि एक हात

शंख टुरेला दिला तो रोलँड कर्कनं.

रहसान रोलँड कर्क. जन्म १९३५, ओहायो राज्यातला. लहानपणापासून आंधळा. गळ्यात दोन-तीन सॅक्सोफोन अडकवायचा आणि ते एकदम तोंडात धरून वाजवायचा. सर्कस नव्हे हो, रीतसर तीन आवाजांची सुरावट. बासरी नाकानं. मध्येच शिट्टी. श्वास न तोडता नाकानं हवा आत, तोंडानं बाहेर, मिनिटंच्या मिनिटं. लोक बघायला यायचे आणि ऐकत बसायचे. त्याच्याच पोतडीत एक शंख होता. टुरे तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोतला कोवळा पोरगा. कर्कनं तो शंख फुंकला आणि या पोराच्या डोक्यातून तो आवाज गेलाच नाही.

पुढे वुडी शॉच्या बँडबरोबर तो मेक्सिको सिटीला गेला तेव्हा तिथल्या नातेवाइकांनी सांगितलं, अरे, आपले पूर्वजही शंख वाजवायचे! म्हणजे ज्याला तो कर्ककडून उचललेली गंमत समजत होता, तो घरचाच ठेवा निघाला. मला हे वाचून हसू आलं. कारण माझं बरोबर उलटं. माझ्या घरात शंख होता आणि तो वाजवण्याजोगा आहे हे मला एका अमेरिकन माणसाकडून कळायला लागलं.

शंख आणि ट्रॉम्बोनमध्ये साम्य काय, असं तुम्ही विचाराल. सगळंच! दोन्हीत हवा फुंकायची नसते. म्हणजे फुंकायची असते, पण नुसतं फुंकून फुस्स होतं. ओठ एकमेकांवर दाबून त्यांची फुरफुर करायची. त्या फुरफुरीला शंखाची वळणावळणाची पोकळी मोठं करते. टुरे शंखाचं टोक करवतीनं कापतो आणि तिथं ओठ टेकवायची जागा करतो. छोटा शंख उंच पट्टीचा, मोठा खर्जाचा. मग उजवा हात शंखाच्या तोंडात सरकवायचा. जितका आत, तितका सूर खाली. ना बटण, ना नळी. नुसत्या पंजानं गाणं. महाभारतात पहिल्या दिवशी कृष्णाचा पांचजन्य, अर्जुनाचा देवदत्त, भीमाचा पौंड्र वाजले असं आपण पाठ केलं, पण प्रत्येकाच्या शंखाला वेगळं नाव का, असं मला कधी सुचलंच नव्हतं. प्रत्येकाचा सूर वेगळा असणार ना! पांडवांचा शंखांचा बँडच होता की तो.

आता कर्ककडे परत. १९७५ मध्ये त्याला स्ट्रोक आला. अर्धं अंग गेलं. तीन सॅक्सोफोन वाजवणाऱ्या माणसाचा एक हात गेला. वय चाळीस. त्यानं सॅक्सोफोनमध्ये फेरफार करून घेतले आणि एका हातानं वाजवायला लागला. त्या शेवटच्या काळातल्या रेकॉर्डिंगमध्ये टुरेचा ट्रॉम्बोन आहे. ५ डिसेंबर १९७७ ला कर्क गेला, तो आदल्या संध्याकाळी कार्यक्रम करून.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माहिती म्हणून वाचलं. २०१९ च्या पावसाळ्यात बाबांना झटका आला, तेव्हा वेगळ्या तऱ्हेनं आठवलं.

बाबांचा डावा हात आणि डावा गाल. हात दोन महिन्यांत थोडा वळायला लागला, गाल काही ऐकेना. चहा पिताना एका बाजूनं ओघळायचा आणि बाबा पटकन मान फिरवायचे. मला दिसू नये म्हणून. थेरपिस्टनं व्यायाम दिले होते. गाल फुगवा. ओठ दाबून धरा. पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ घालून बुडबुडे काढा. तेहतीस वर्षं बँकेत काउंटरपलीकडे बसलेला माणूस, ज्याच्या नुसत्या ‘हं?’ला शिपाई घाबरायचे, तो ग्लासात बुडबुडे काढणार? नाही काढले. आई ग्लास भरून ठेवायची, संध्याकाळी तसाच ओतून द्यायची. शंख देवघरात तसाच. आरतीला नुसती घंटा.

मी वर्क फ्रॉम होम घेऊन साताऱ्यात होते. एका दुपारी लॅपटॉपवर ‘द स्पिरिट्स अप अबव्ह’ लावला होता. हा टुरेचा कर्कसाठीचा अल्बम, २००४ चा. ट्यून्स कर्कच्या. इथला तोडगा मला सगळ्यात धाडसी वाटतो. कर्क एकटा तीन माणसांचं वाजवायचा, तर टुरेनं खरोखरीची माणसं उभी केली. सॅक्सोफोन, बासरी, शिवाय तंतुवाद्यं. एका माणसाची पोकळी भरायला किती माणसं लागतात बघा, असंच म्हणायचं असेल कदाचित. आणि त्यात शंख आलाच.

बाबा आरामखुर्चीत डोळे मिटून होते. शंख वाजला तसे डोळे उघडले.

‘‘कोण?’’

‘‘अमेरिकेतला आहे बाबा. स्टीव्ह टुरे.’’

बराच वेळ काही नाही. मग अडखळत, ‘‘ओठ... चांगले आहेत.’’

मी त्यांना कर्कची गोष्ट सांगितली. स्ट्रोक, एक हात, सगळं. मोटिव्हेशनल भाषण वाटू नये म्हणून भाजी निवडत निवडत सांगितली. बाबांनी ती तशीच, कंटाळल्यासारखी ऐकली. शेवटी एकच प्रश्न विचारला, ‘‘तोंडानं... काही नाही झालं त्याला?’’ मला उत्तर माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ग्लासातलं पाणी टेबलावर सांडलेलं होतं. आई रागावली नाही.

उस्ताद संपत चालले, तेव्हा

टुरेच्या ट्रिब्यूट अल्बम्समध्ये लोक सहसा नाव घेतात ते २०१६ च्या ‘कलर्स फॉर द मास्टर्स’चं. यात उस्ताद फोटोत नाहीत, स्टुडिओत आहेत. पियानोवर केनी बॅरन. बेसवर रॉन कार्टर, ज्याचं नाव सर्वाधिक रेकॉर्डिंग्ज करणारा जॅझ बेसवादक म्हणून गिनेस बुकात गेलं, आकडा २,२२१. ड्रम्सवर जिमी कॉब, त्या वर्षी वय ८७. माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’वर ड्रम्स वाजवणारा हाच तो कॉब, आणि तो अल्बम वाजवणाऱ्यांपैकी हयात असलेला तेव्हा एकटाच. जेजेची ‘कॉफी पॉट’ आहे, कोल्ट्रेनच्या नावानं एक ब्लूज आहे, वेन शॉर्टरची एक ट्यून आहे. सगळं कसं निवांत. कोणी कोणाला काही सिद्ध करून दाखवत नाही. उगाच मोठ्या आवाजात न बोलणाऱ्या माणसांच्या घरी जेवायला गेल्यासारखं वाटतं.

खरं सांगू? पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो जरा सपक वाटला होता. मग २०२० च्या मे महिन्यात जिमी कॉब गेला. लॉकडाऊनमध्ये तोच अल्बम परत लावला आणि फक्त ड्रम्सची झांज ऐकत बसले. शेवटपर्यंत.

मग पुढचा प्रश्न येतो, जो आपल्या प्रत्येक घराण्यापुढे येतो. उस्तादांचे शागीर्द स्वतःच म्हातारे झाले, आता पुढे कोण? ‘जनरेशन्स’ हा अल्बम त्या प्रश्नाला धरून आहे. ड्रम्सवर टुरेचा स्वतःचा मुलगा, ओरायन. ट्रम्पेटवर वॉलेस रोनी ज्युनिअर. हा मुलगा ट्रम्पेटवादक वॉलेस रोनी आणि पियानिस्ट जेरी अ‍ॅलन यांचा. आई २०१७ मध्ये गेली, वडील ३१ मार्च २०२० ला कोविडनं. दोन वर्षांनी हा पोरगा वडिलांच्या वाद्यावर, वडिलांच्या पिढीतल्या माणसासोबत उभा आहे. त्याचा सूर थोडा कोरा आहे, थोडा घाईत आहे. चालायचंच. सीडर वॉल्टन, फॅरो सँडर्स, ड्यूक अशी एकेकाची आठवण निघते आणि वाजवतात ती ही पोरं, ज्यांच्यातल्या कित्येकांनी यांना फक्त रेकॉर्डवरच ऐकलंय.

या अल्बमवरची एक ट्यून मला अजून छळते. ‘डॉन डी.’ डॉन ड्रमंड, जमैकाचा ट्रॉम्बोनवाला, स्कॅटलाइट्स बँडचा. स्का संगीतातला सगळ्यात उदास आणि सगळ्यात सुंदर आवाज. त्याच डॉन ड्रमंडनं १९६५ च्या अगदी सुरुवातीला आपल्या मैत्रिणीचा, मार्गरिटा नावाच्या नर्तिकेचा खून केला. त्याला मनोरुग्णालयात ठेवलं, १९६९ मध्ये तो तिथंच वारला. टुरेची ट्यून रेगेच्या लयीत झुलते, छान आहे, पाय हलतोच. पण मी ती ऐकताना दर वेळी मार्गरिटाचा विचार करते. तिच्या नावानं कोण वाजवणार? सुराचं ऋण मान्य करायचं आणि माणसाचं काय करायचं, याला कानाची पाळी पकडून सुटका नाही. टुरेकडेही याचं उत्तर नसावं. तो सूर तेवढा घेतो आणि पुढे जातो. मला अजून तसं जात नाही येत.

आणि आमच्या घरचा

मागच्या दिवाळीत मी चार दिवस साताऱ्याला होते. बाबांचा गाल आता बराच वर आलाय, पण शंखाला लागतो तेवढा दाब येत नाही. डाव्या कोपऱ्यातून हवा निसटते. त्यांनी दोनदा करून बघितलं, माझ्या देखत. फुस्स. मग शंख मांडीवर ठेवून बसून राहिले.

मी म्हटलं, ‘‘बाबा, मी बघू?’’

आजी भिंतीवरून, हारातून बघत होती. बाबांनीही एकदा तिकडे बघितलं आणि शंख माझ्या हातात दिला.

मी फुंकलं. फुस्स. गाल फुगवून फुंकलं. आतून पाण्याच्या नळासारखा आवाज आला. आई स्वयंपाकघरातून, ‘‘अगं, चकली जळतेय माझी, हसवू नकोस.’’

‘‘गाल नाही,’’ बाबा म्हणाले. ‘‘ओठ. घट्ट. कोपरे... कोपरे धर.’’ आणि स्वतःच्या उजव्या हाताच्या दोन बोटांनी माझ्या ओठांचे दोन्ही कोपरे दाबून धरले. लहानपणी नाक पुसताना धरायचे तसे. ‘‘आता फुर्र कर. घोड्यासारखं.’’

मी घोड्यासारखं फुर्र केलं. तीन वेळा काही नाही. चौथ्यांदा दातांत मुंग्या आल्या आणि हातातली ती गार वस्तू एकदम थरथरली. सूर म्हणावा असा नव्हता. ट्रकनं घाटात गिअर बदलावा तसा होता. पण लांब होता. श्वास संपेपर्यंत.

बाबांनी बोटं काढली. ‘‘शंख आहेस,’’ म्हणाले.

तेवढ्यात शेजारच्या काकूंची खिडकी उघडली. ‘‘अहो भाऊजी, वाजवायला लागलात वाटतं! बरं वाटतंय ना आता?’’

मी उत्तर द्यायला उठले, तर बाबांनी हातानंच खूण केली, बस खाली. आणि खिडकीकडे बघून जोरात म्हणाले, ‘‘हो, हो. जरा... सूर लागत नाहीये अजून!’’

पलीकडे कुकरचं झाकण लागल्याचा आवाज आला.